मागं येऊ द्या

पुण्याहून पार्सल आलं, वैजयंतानं पाठवलेलं.
खोक्यावर हसणारी गोरी बाई, हातात दांडा.
सोजर खाटेवरून म्हणाली,
"फवारणीचा पंप कशाला धाडलाय पोरीनं?"

तिचा उजवा गुडघा तेव्हा सोळा दिवसांचा होता,
नवा, स्टीलचा, घरात अजून न रुळलेला.
डॉक्टर म्हणाले होते, उकिडवं बसणं आता बंद, कायमचं.
म्हणजे पोतेरं बंद.
म्हणजे मी.

माहितीपत्रक मी तिकिटांच्या गठ्ठ्यासारखं
अंगठ्याला थुंकी लावून उलटलं.
आधी झाडून घ्या. टाकीत अर्धा लिटर पाणी.
बोअरचं नको, क्षारानं नळी बुजते.
आमच्या उदगीरच्या बोअरनं दोन गिझर बुजवले,
आणि माझा मुतखडाही बहुतेक त्याचाच.
राहिलं जारचं, वीस रुपयांचं.
"प्यायचं पाणी फरशीला?" सोजर कडाडली,
"बारा दिवसाला नळ येतोय, ध्यानात हाय का?"
म्हटलं, तू दोन बादल्या घालायचीस,
हे तांब्याभरसुद्धा नाही.
ती गप्प झाली.
हिशेबापुढं ती नेहमीच गप्प होते,
पटतं म्हणून नव्हे.

बटण दाबलं. लाल दिवा. अर्धा मिनिट काहीच नाही.
मग डेपोतल्या जुन्या गाडीनं
पहाटे टाकावा तसा एक लांब उसासा.

बाहेरच्या खोलीतली टाइल भलतीच सोपी.
चहाच्या कपाचा गोल गेला,
सोफ्याखालचा चिकट डाग दोन फेऱ्यांत गेला.
एका जागी थांबू नका, असं लिहिलं होतं.
तीस वर्षं एसटीत काढलेल्याला हे सांगावं लागत नाही.
खालचं कापड काढून पाहिलं तर काळं.
सोजरला दाखवलं नाही. घडी घालून बादलीत टाकलं.

स्वयंपाकघरात मात्र शहाबादी.
कच्च्या दगडावर वापरू नका, असं पान सातवर होतं;
मी पान सातवर पोचेस्तोवर
दोन फरश्या ओलांडून गेलो होतो.
दगड काळानिळा झाला, गरम झाला,
आणि त्याच्या पोटातून वास आला.

"रॉकेल सांडलं का हो?" आतून सोजर.

या घरात रॉकेल येऊन किती वर्षं झाली!
पण स्टोव्ह इथंच असायचा, भिंतीला लागून,
वैजयंता बाटलीवर होती तेव्हा,
रात्री दोनला, लाइट गेलेली,
आणि मी निजामाबादला मुक्कामी.
"तेव्हा सांडायचं का गं?"
"रोजच. अंधारात ओतताना.
पुसायची आन् निजायची."
एवढंच बोलली. मग पाणी मागितलं.
मशीन बंद करून आधी ते दिलं.

ड्यूटीवरून आलो की चपला घालून
सरळ ओल्या फरशीवरून मोरीपर्यंत जायचो मी.
एका ओळीत उमटायची पावलं.
ती काही म्हणायची नाही,
पुन्हा खाली बसायची.
तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही.

पुसत पुसत मागं सरायचं असतं,
नाहीतर आपलेच पाय उमटतात, हे आता कळलं.
मागचं दिसत नाही.
मागं उंबरा, उंबऱ्याजवळ तिचा वॉकर.

तिनं खाटेच्या लोखंडावर हात आपटला,
मी गाडीच्या पत्र्यावर आपटायचो अगदी तसा,
धप्, धप्.
"येऊ द्या. मागं येऊ द्या.
डावीकडं घ्या थोडं. येऊ द्या, येऊ द्या…
बस्स."

मी थांबलो. वायर पायात अडकलेली.
"बाकी राहिलं कोपऱ्यात," ती म्हणाली,
"फ्रिजखाली.
काय बघुलालाव माझ्याकडं? कोपरा बघा."